विश्लेषण : रात्रीत अपडेट झालेले घरचे ‘मेश वाय-फाय’ सकाळी का रुसते?

रात्री झोपताना सारे सुरळीत होते. सकाळी हॉलमध्ये इंटरनेट चालते, पण मागच्या बेडरूममधल्या डबीवर लाल दिवा, दारावरचा कॅमेरा ऑफलाइन आणि प्रिंटर गायब. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन केला तर ‘आमच्या बाजूने लाइन चालू आहे’ हे उत्तर. मेश बनवणाऱ्या कंपनीला विचारले तर ‘रीसेट करून पाहा’. मधल्या काळात नऊची ऑफिसची मीटिंग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. अॅप उघडल्यावर कुठेतरी कोपऱ्यात दिसते : मध्यरात्रीनंतर नवे फर्मवेअर बसले. बरोबर एक ओळ असते, ‘त्रुटी दूर केल्या, स्थिरता वाढवली’. नेमके काय बदलले, हे त्या ओळीतून कळत नाही.

मेश साध्या राउटरपेक्षा वेगळे का बिघडते?

साध्या राउटरमध्ये एकच यंत्र असते. ते चालते किंवा चालत नाही. मेशमध्ये एक मुख्य नोड आणि दोन-तीन उपनोड असतात आणि सर्व मिळून एकाच नावाचे वाय-फाय घरभर पसरवतात. काँक्रीटच्या भिंती असलेल्या मोठ्या फ्लॅटमध्ये किंवा दुमजली बंगल्यात म्हणूनच ते घेतले जाते. या नोडना आपसात बोलण्यासाठी एक दुवा लागतो. तांत्रिक भाषेत त्याला ‘बॅकहॉल’ म्हणतात. तो वायरलेस असतो किंवा लॅन केबलचा. मोबाइल आणि नोड यांच्यातले नाते शाबूत असले तरी हा दुवा तुटला की फोनवर वाय-फायच्या पूर्ण कांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. कांड्या सांगतात ते फक्त जवळच्या डबीपर्यंतचे अंतर, पुढचा रस्ता नव्हे.

अपडेटने नेमके काय बदलते?

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतली कार्यप्रणाली. ती बदलली की सर्व नोड पुन्हा सुरू होतात आणि सर्व एकाच वेळी, एकाच आवृत्तीवर येतील याची खात्री नसते. अपडेटच्या वेळी एखादा उपनोड बंद असेल किंवा नेमकी त्याच वेळी वीज गेली असेल, तर तो जुन्याच आवृत्तीवर राहतो. मुख्य नोड नवी भाषा बोलतो आणि उपनोड जुनी. मग कधी जोडला जातो, कधी तुटतो.

दुसरी गोष्ट चॅनेलची. पुन्हा सुरू होताना नोड आजूबाजूची गर्दी पाहून नवे चॅनेल निवडतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीत शेजाऱ्यांचे वीस-पंचवीस राउटर असतील, तर निवड वाईट होण्याची शक्यता भरपूर. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. मात्र त्यातल्या काही चॅनेलवर रडार नाही ना, हे आधी ऐकण्यासाठी अनेक राउटर साधारण मिनिटभर गप्प बसतात. रडारसारखा संकेत दिसला की चॅनेल सोडतात. तेवढ्या वेळात उपनोडचा लाल दिवा पाहून माणूस त्याचा प्लग काढतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तिसरी गोष्ट सेटिंगची. काही अपडेटनंतर काही पर्याय मूळ स्थितीत जातात. समजा मेश ‘ब्रिज’ किंवा ‘अॅक्सेस पॉइंट’ पद्धतीने चालवले होते, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम कंपनीच्या फायबर राउटरकडे होते. अपडेटनंतर मेश पुन्हा राउटर झाले, तर घरात दोन कारभारी होतात. फायबर राउटरला जोडलेला प्रिंटर एका नेटवर्कवर, मेशवरचा फोन दुसऱ्यावर. दोघांची गाठ पडत नाही. दोघेही १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटू लागले, तर इंटरनेटही अडते. स्थानिक केबल ऑपरेटरचे ब्रॉडबँड असलेल्यांची आणखी एक अडचण असते. अनेक ऑपरेटर जोडणी एका विशिष्ट मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. जुन्या राउटरचा पत्ता नव्यात नक्कल करून चालवला असेल आणि ते सेटिंग पुसले गेले, तर लाइन चालू असूनही इंटरनेट मिळत नाही. ऑपरेटर ‘लाइन चालू आहे’ म्हणतो ते खोटे नसते.

दोष दरवेळी फर्मवेअरचाच असतो का?

नाही. मे २०२३ मध्ये जगभरातील असुस राउटर अचानक इंटरनेट सोडू लागले. मालकांनी काहीच बदलले नव्हते. कंपनीने नंतर माफी मागताना सांगितले, की नेहमीच्या सुरक्षा देखभालीत सर्व्हरवरच्या एका सेटिंग फाइलच्या रचनेत चूक झाली होती. फर्मवेअर तेच होते. मागच्या दाराने येणारी छोटी सुरक्षा फाइल बिघडलेली होती. बहुतेकांचे राउटर बंद-चालू केल्यावर सुधारले, उरलेल्यांना रीसेट करावे लागले. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगलच्या खाते-प्रणालीत झालेल्या बिघाडाने काही ‘गुगल वायफाय’ आणि ‘ऑनहब’ यंत्रे आपोआप फॅक्टरी स्थितीत गेली आणि मालकांना सारी मांडणी नव्याने करावी लागली. मेशची सूत्रे बऱ्याच अंशी कंपनीच्या क्लाउडवर असतात, ही गोष्ट डबीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली नसते.

त्यात भारतातल्या घरांत अपडेट होणारी यंत्रे दोन असतात. ब्रॉडबँड कंपनीने दिलेला फायबर राउटर ती कंपनी दुरूनच अपडेट करू शकते. त्यासाठी ‘टीआर-०६९’ नावाची प्रमाणित पद्धत २००४ पासून आहे. बिघाड त्या डबीत आणि शिव्या मेशला, असेही होते.

तपासणी कुठून सुरू करावी?

बाहेरून आत. आधी फायबरच्या डबीकडे पाहावे. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर फायबरमध्येच खोट आहे, मेशला हात लावू नये. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप लॅन केबलने थेट त्या डबीला जोडून पाहावा. मॅक पत्ता बांधलेला असेल किंवा लॉगिन मेशमध्ये भरलेले असेल, तर इंटरनेट न मिळणे साहजिक आहे. अन्यथा इथे इंटरनेट नसेल तर तक्रार ब्रॉडबँड कंपनीची. इंटरनेट असेल तर मुख्य नोडच्या अगदी जवळ उभे राहून फोनवर पाहावे. तिथे चालते आणि आतल्या खोलीत नाही, तर दोष दुव्यात. तिथेही चालत नाही, तर दोष मुख्य नोडच्या सेटिंगमध्ये. या तीन पायऱ्यांना दहा मिनिटे पुरतात. त्या टाळून केलेला रीसेट अर्धा दिवस खातो.

एक सोपी चाचणी आणखी आहे. ब्राउझरमध्ये १.१.१.१ हा अंकी पत्ता टाइप करावा. तो उघडला आणि नावाने एकही संकेतस्थळ उघडले नाही, तर जोडणी शाबूत आहे, नावांचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडली आहे. मेशच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून काम भागते.

यानंतर सर्व नोडचे प्लग काढून क्रमाने सुरू करावे : आधी फायबरची डबी, तिचे दिवे स्थिरावल्यावर मुख्य नोड, दोन-तीन मिनिटांनी उपनोड, तेही एकेक. सर्व एकाच स्विचवर असलेल्या घरांत बटण दाबले की सर्व एकदम उठतात आणि आधी जागा झालेला उपनोड मुख्य नोडला शोधत बसतो.

उपनोड तरीही जोडला जात नसेल तर?

अॅपमध्ये प्रत्येक नोडची आवृत्ती वेगवेगळी पाहावी. आकडे जुळत नसतील तर मागे पडलेला नोड मुख्य नोडच्या शेजारी आणून, शक्य असल्यास लॅन केबल लावून, अपडेट करावा. आकडे जुळत असूनही तो रुसला असेल तर फक्त त्या उपनोडला अॅपमधून काढून, रीसेट करून पुन्हा जोडावे. मुख्य नोडला हात न लावता हे होते आणि घरातली बाकी उपकरणे अबाधित राहतात.

केबलने जोडलेल्या नोडच्या घरांत एक विचित्र प्रकार दिसतो : सर्व दिवे हिरवे, पण संपूर्ण घराचे इंटरनेट ठप्प. उपनोड केबलने आणि वायरलेसने एकाच वेळी जोडला जाऊन माहिती गोल-गोल फिरू लागते, तेव्हा असे होते. हे वेटोळे ओळखून तोडण्याची व्यवस्था यंत्रात असते, पण अपडेटमध्ये ती बिघडली तर पटकन लक्षात येत नाही. उपनोडची केबल काढताच मिनिटभरात सारे सुरळीत झाले, तर संशय पक्का.

फक्त कॅमेरा, प्रिंटर किंवा बल्बच बंद पडले असतील तर?

ही बहुधा सुरक्षेच्या सेटिंगची गोष्ट. अपडेटनंतर वाय-फाय नव्या ‘डब्ल्यूपीए३’ पद्धतीवर गेले असेल, तर जुनी स्वस्त स्मार्ट उपकरणे ती ओळखत नाहीत. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडला की ती बहुतेकदा परततात. अशी बरीच उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या नावाचे २.४ चे नेटवर्क ठेवणे सोयीचे, आणि बहुतेक मेशमध्ये ते पाहुण्यांच्या किंवा ‘आयओटी’ नेटवर्कच्या रूपात करता येते. मुलांच्या फोनवरचे वेळेचे बंधन गायब झाले असेल तर मात्र फर्मवेअर निर्दोष असू शकते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता दाखवतात. नेटवर्क नव्याने मांडले की काही वेळा तोच फोन मेशला अनोळखी वाटतो.

रीसेट आणि जुन्या आवृत्तीवर परतणे...

रीसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी ब्रॉडबँडचे लॉगिन नाव आणि पासवर्ड, मॅक पत्ता, वाय-फायचे नाव व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावेत. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तर बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. हौसेने नवे नाव दिले तर घरातल्या प्रत्येक बल्बपाशी जावे लागते. सेटिंगची जुनी बॅकअप फाइल नव्या फर्मवेअरवर चढवण्याचा मोहही टाळावा. बिघडलेले सेटिंग त्यातूनच परत येऊ शकते.

जुने फर्मवेअर बसवण्याची मुभा काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. मुभा असली तरी फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि मॉडेलबरोबर यंत्राखालच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्तीही जुळवावी. एकाच नावाच्या दोन डब्यांच्या आत वेगळी चिप असू शकते. हे काम केबलने करावे आणि विजेचा भरवसा नसलेल्या भागात यंत्र इन्व्हर्टरवर ठेवून. मध्येच वीज गेली तर डबी निकामी होण्याचा धोका खरा आहे.

मग ऑटो अपडेट बंदच करावे का?

राग आल्यावर अनेकजण हेच करतात, आणि ते महागात पडू शकते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक मॅथी वानहोफ यांनी डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ ही त्रुटी जाहीर केली, तेव्हा बचाव फक्त अपडेट हाच होता. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ने किमान ५४ देशांतील सुमारे पाच लाख उपकरणे बाधित केली, त्यांत बहुतेक घरगुती आणि छोट्या कार्यालयांतले राउटर होते. राउटरला ना अँटिव्हायरस, ना कुणी रोज पाहणारे. मधला मार्ग म्हणजे ऑटो अपडेट चालू ठेवून त्याची वेळ शनिवारी रात्रीची निवडणे. तशी सोय नसल्यास सूचना आल्यावर आठवडाभर थांबून स्वतः अपडेट करणे. ‘गंभीर सुरक्षा त्रुटी’ लिहिले असेल तर न थांबणे. वेळ निवडण्याचा आणि मागे फिरण्याचा साधा पर्यायही न देता कंपन्यांनी मध्यरात्री घरात बदल करावेत, हे मात्र पटण्यासारखे नाही.

सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या ‘सायबर रेझिलियन्स’ कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे नवे मेश घेताना हा प्रश्न ग्राहकालाच दुकानात विचारावा लागतो.

तक्रार कुणाकडे?

डबी ब्रॉडबँड कंपनीची असेल तर आधी तिच्या कॉल सेंटरवर तक्रार करून क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. मेश बाजारातून विकत घेतले असेल तर प्रश्न वस्तूच्या दोषाचा, आणि त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दोन्हीकडे फर्मवेअरची आवृत्ती आणि अपडेटची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट कामी येतो. तो रीसेटच्या आधीच काढावा लागतो, कारण रीसेटनंतर यंत्रातील नोंदी बहुधा पुसल्या जातात.