विश्लेषण : मनगटावरच्या घड्याळाची माहिती जाते कुठे? ‘ओपन सोर्स’ स्मार्टवॉच घेताना काय पाहावे?

दीड-दोन हजार रुपयांचे स्मार्टवॉच आता रत्नागिरीच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात सहज मिळते. गणपतीला गावी येणारा चाकरमानी आई-वडिलांसाठी तेच घेऊन येतो. आयडीसी या बाजारसंशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच आली. २०२४ मध्ये मागणी घटूनही हा आकडा साडेतीन कोटींच्या घरात राहिला. घेताना डिस्प्ले, बॅटरी, वॉरंटी विचारली जाते. रात्रंदिवस शरीराला चिकटून असलेले हे यंत्र गोळा केलेली माहिती कोणाला देते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारणाऱ्यांसाठी ‘ओपन सोर्स’ घड्याळांचा छोटा, पण खरा पर्याय आज उपलब्ध आहे.

घड्याळ नेमके काय टिपते?

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. त्यावरून हृदयाचे ठोके मोजले जातात. हालचाल मोजणारा सेन्सर पावले आणि झोप सांगतो. महिनाभराच्या नोंदी एकत्र केल्या की माणूस कधी उठतो, कधी आजारी होता, रात्रपाळी करतो का, हे कळू शकते. महिलांच्या पाळीच्या नोंदी तर त्याहून खासगी.

खरी मेख मात्र फोनमधल्या अ‍ॅपमध्ये असते. घड्याळावर मेसेज दिसावेत म्हणून आपण अ‍ॅपला ‘नोटिफिकेशन’ वाचण्याची परवानगी देतो. ही परवानगी दिली की बँकेच्या ओटीपीसकट समोर येणारे मेसेज त्या अ‍ॅपला वाचता येतात. कॉल करणाऱ्याचे नाव दिसावे म्हणून फोनबुक दिले जाते. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथने घड्याळ शोधण्यासाठीही लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची परवानगी वेगळी झाली. तरीही अनेक अ‍ॅप लोकेशन मागतातच आणि आपण ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो.

याने बिघडते काय?

स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातील लष्करी तळ उजळून दिसत असल्याचे २०१८ च्या जानेवारीत लक्षात आले. सैनिक धावताना घड्याळ लावत होते, एवढेच कारण. रत्नागिरीला हे परके वाटू नये. येथील विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि किनाऱ्यावर रोज पहाटे धावणारे, सायकल चालवणारे शेकडो जण आहेत. आपला धावण्याचा मार्ग सार्वजनिक ठेवणारा माणूस स्वतःच्या घराचा पत्ता आणि घरी नसण्याची वेळही सार्वजनिक करत असतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बोट या भारतीय कंपनीच्या सुमारे ७५ लाख ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर फुटल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने चौकशी सुरू केल्याचे सांगितले. ती ग्राहकांची माहिती होती, घड्याळातील नोंदी नव्हेत. धडा मात्र तोच : जी माहिती सर्व्हरवर गेलीच नाही, ती तिथून फुटत नाही.

नागपूरच्या घड्याळांनी काय दाखवले?

नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कर्मचारी नेमून दिलेल्या भागात आहे की नाही हे नियंत्रण कक्षात दिसू लागले आणि हजेरी-पगार त्या नोंदींशी जोडले गेले. नवी मुंबईतही असा प्रयोग झाला. हजेरीतील गैरप्रकार रोखणे हा प्रशासनाचा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण घड्याळ बिघडले, चार्जिंग संपले, जीपीएसने जागा चुकीची दाखवली, तर भुर्दंड कोणी सोसायचा? कामानंतर घड्याळ घरी गेले तर नोंद थांबते का? कर्मचाऱ्यांनी याविरोधात आवाज उठवला.

एरवी खासगीपणा म्हटले की तो सुखवस्तू माणसाचा छंद समजला जातो. नागपूरचे उदाहरण उलटे आहे. महागडे घड्याळ घेणारा ते काढून ठेवू शकतो. झाडू मारणाऱ्या कामगाराला ती मुभा नसते. मुकादम निदान समोर दिसतो, त्याच्याशी वाद घालता येतो. घड्याळाशी वाद घालता येत नाही. म्हणून नोंद कशी होते, किती दिवस ठेवली जाते आणि चूक कुठे दुरुस्त होते, हे सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक यंत्राबाबत जाहीर असायला हवे.

‘ओपन सोर्स’ म्हणजे खासगीपणाची हमी का?

नाही. ओपन सोर्स म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येतो. एखाद्या हॉटेलने स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी, तसे. पदार्थ चांगला असेलच असे नाही, पण आत काय चालले आहे ते दिसते. घड्याळाचा कोड खुला असून फोनमधले अ‍ॅप बंदिस्त असेल, तर उपयोग अर्धाच. म्हणून तीन थर वेगवेगळे तपासावेत : घड्याळातील सॉफ्टवेअर, फोनमधील अ‍ॅप आणि सर्व्हर. तिसरा थरच नसेल तर सर्वांत उत्तम.

पेबलची कहाणी महत्त्वाची का?

एरिक मिगिकोव्स्की यांच्या पेबल घड्याळाने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१६ च्या अखेरीस कंपनी बंद पडली आणि तिचे सॉफ्टवेअर फिटबिटने घेतले. २०१८ च्या जूनमध्ये पेबलचे सर्व्हर बंद झाले. एरवी ही घड्याळे भंगारात गेली असती. पण ‘रिबल’ या नावाने एकत्र आलेल्या वापरकर्त्यांनी पर्यायी सेवा उभारली आणि घड्याळे चालू राहिली.

पुढे गुगलने फिटबिट विकत घेतली. तो व्यवहार २०२१ च्या जानेवारीत पूर्ण झाला. युरोपीय आयोगाने परवानगी देताना, युरोपातील ग्राहकांची फिटबिटमधील आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी वापरणार नाही असे दहा वर्षांचे वचन गुगलकडून घेतले. कंपनी विकली की तिच्यासोबत ग्राहकांच्या नोंदीही हात बदलतात, हे नियामकांनी तेव्हाच ओळखले होते. २०२५ च्या जानेवारीत गुगलने पेबलची संगणक प्रणाली ओपन सोर्स केली. ब्लूटूथसारखे काही भाग मालकी हक्कामुळे वगळावे लागले. मिगिकोव्स्की यांनी लगेच नवी घड्याळे जाहीर केली.

आज पर्याय कोणते?

पाइन-टाइम : पाइन ६४ या समूहाचे घड्याळ, किंमत सुमारे २७ डॉलर. ६४ केबी रॅम म्हणजे आजच्या फोनपुढे अगदीच किरकोळ, तरी बॅटरी आठवडाभर टिकते. ‘इन्फिनी-टाइम’ हे सॉफ्टवेअर स्वयंसेवक सांभाळतात. वेळ, मेसेज, पावले ठीक; हृदयाच्या ठोक्यांच्या अचूकतेवर विसंबू नये.

बँगल.जेएस २ : यात जीपीएस आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये स्वतःचे छोटे अ‍ॅप लिहिता येते. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी हे सर्वांत सोयीचे.

नवे पेबल : ‘पेबल २ ड्युओ’ १४९ डॉलरला, तर हृदयाचे ठोके मोजणारे ‘पेबल टाइम २’ २२५ डॉलरला जाहीर झाले. उन्हात वाचता येणारा ई-पेपर डिस्प्ले आणि महिनाभर बॅटरी हा कंपनीचा दावा.

परदेशातून मागवल्यास टपाल आणि आयातशुल्क वेगळे पडते. बिघाड झाला तर जवळ सर्व्हिस सेंटर नाही. खाऱ्या हवेत पट्टा आणि चार्जिंगचे टोक लवकर खराब होते, हेही लक्षात घ्यावे.

नवे घड्याळ न घेता काही करता येईल?

बहुतेकांसाठी हाच व्यवहार्य मार्ग. ‘गॅजेटब्रिज’ हे २०१५ पासूनचे मोफत अँड्रॉइड अ‍ॅप कंपनीच्या अ‍ॅपची जागा घेते. ते एफ-ड्रॉइड या भांडारात मिळते. इंटरनेट वापरण्याची परवानगीच ते मागत नाही, त्यामुळे नोंदी फोनमध्येच राहतात. हवामान दाखवायचे तर त्यासाठी वेगळे अ‍ॅप जोडावे लागते. अ‍ॅमेझफिट, शाओमीच्या अनेक घड्याळांवर ते चालते. मात्र यातील काहींसाठी एकदा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये खाते उघडून किल्लीचा कोड मिळवावा लागतो. आयफोनसाठी गॅजेटब्रिज नाही. विकत घेण्याआधीच नेमके मॉडेल गॅजेटब्रिजच्या यादीत पाहावे. नावात एका शब्दाचा फरक असला तरी आतले यंत्र वेगळे असू शकते.

कोकणासाठी याचा आणखी एक फायदा आहे. मिरकरवाड्यातून खोल समुद्रात जाणारा खलाशी, महिनोन्‌महिने जहाजावर असणारा तरुण, किंवा रेंज नसलेल्या वाडीतले आजोबा यांना सर्व्हरवर अवलंबून असलेले अ‍ॅप गैरसोयीचेच. नोंदी फोनमध्ये राहणारे घड्याळ नेटवर्क नसतानाही पूर्ण चालते.

हे घड्याळ कोणी घेऊ नये?

ज्यांना डॉक्टरांनी ईसीजीवर लक्ष ठेवायला सांगितले आहे किंवा पडल्यावर आपोआप फोन लागण्याची सोय हवी आहे, त्यांच्यासाठी ही घड्याळे नाहीत. तिथे प्रमाणित सुविधा असलेले बंदिस्त घड्याळ घेणे शहाणपणाचे. खासगीपणाची किंमत माहीत असून केलेला तो सौदा आहे. त्वचेला सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ मात्र कोणीच घेऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने अशा एकाही स्मार्टवॉचला मान्यता दिली नसल्याचा इशारा २०२४ च्या फेब्रुवारीत दिला आहे.

कायद्याचे संरक्षण किती?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि कंपन्यांवरील बहुतांश जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती मागे घेण्याचा, माहिती खोडण्याचा हक्क त्यात आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण आरोग्यविषयक माहितीसाठी स्वतंत्र, अधिक कडक वर्ग त्यात नाही. शिवाय कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची सवलत मालकाला आहे. नागपूरच्या कामगाराला हा कायदा फारसा हात देत नाही, तो इथेच.

मग आज काय करावे?

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळाच्या अ‍ॅपचे लोकेशन, एसएमएस, फोनबुक बंद करावे. काय अडते ते पाहावे. नोटिफिकेशन ठरावीक अ‍ॅपपुरतेच ठेवावे, बँकेचे वगळावे. फोनचे इंटरनेट बंद करून पावले-झोप दिसते का, ही सोपी चाचणी घ्यावी. दिसत नसेल तर नोंदी सर्व्हरवरून येत आहेत, असे समजण्यास जागा आहे. घड्याळ दुसऱ्याला देताना ‘रिसेट’ करावे आणि अ‍ॅप काढण्याआधी खाते डिलीट करावे. नुसते अ‍ॅप काढल्याने सर्व्हरवरच्या नोंदी जात नाहीत.

ओपन सोर्स घड्याळ घेणारे थोडेच असतील. पण दुकानात ‘याचे अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालते का?’ असे विचारणारे वाढले, तर कंपन्यांना उत्तर तयार ठेवावे लागेल. हाच प्रश्न कामगारांच्या मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या महापालिकांनाही विचारला गेला पाहिजे आणि तो कामगाराने एकट्याने विचारावा, अशी वेळ येऊ नये.