शेवटच्या क्रेटलाच कंबर का धरते?



उन्हाळ्यात पाणी उतरलं की सातनाला प्रकल्प असो की गावचा तलाव, ओढजाळं लागते. जाळं ओढून झालं की काठावरून गाडीपर्यंत रोहू-कटल्याचे क्रेट वाहायचे. त्यात कोणाची कंबर धरली की आपण म्हणतो, "क्रेट जड होता." पण सकाळपासून क्रेट तेवढाच भरतो. उचलणारा मात्र थकलेला असतो.

पहिले काही क्रेट आपण गुडघे वाकवून, मांडीच्या जोरावर, छातीजवळ धरून उचलतो. मांड्या थकल्या की शरीर आपोआप दुसरी वाट धरते. गुडघे ताठ राहतात आणि माणूस कंबरेतून वाकतो. क्रेट अंगापासून दूर जातो, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा ताण कंबरेवर कितीतरी वाढतो. पाय उचलून वळायच्या ऐवजी आपण कंबरेतूनच वळतो, झटका देऊन उचलतो. चिखलात पाय घसरला तर थकलेले स्नायू वेळेवर सावरत नाहीत. हे करताना आपल्याला कळतही नाही. त्यामुळे "नीट उचल रे" म्हणून भागत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये उचलण्याच्या वजनाचं सूत्र सुधारलं. त्यात सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण कंबरेच्या उंचीवर आणि अंगाला पीळ नसेल, तरी मर्यादा २३ किलोचीच आहे. जमिनीवरून, घाईघाईनं, पुन्हा पुन्हा उचलायचं असेल तर ती आणखी खाली येते. आपले काठोकाठ भरलेले क्रेट एकदा काट्यावर ठेवून पाहा.

काही होडीमालक म्हणतील, "क्रेट कमी भरला तर खेपा वाढतील, तेवढ्यात बर्फ वितळेल." मुद्दा खरा आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की आधी वाकणं कमी करा. क्रेट जमिनीवर न भरता फळी टाकून मांडीच्या उंचीवर भरा. भरलेला क्रेट दोघांनी धरा. जाळं ओढणाऱ्याला लगेच वाहायला लावू नका. बराच वेळ वाकून काम केलं की पाठीचे सांधे सैल पडतात, म्हणून त्याला थोडा वेळ सरळ उभं राहू द्या, चहा-पाणी घेऊ द्या. तासाभरानं कामं आलटून-पालटून द्या.

बाजारात पाटी नेणाऱ्या बायांचंही तेच. पाटी डोक्यावर चढवायला आणि उतरवायला सोबत एक माणूस पाहिजेच.

थकलेला माणूस थांबला की त्याला आळशी म्हणायची आपली सवय आहे, ती सोडावी लागेल. कंबर गेली की घरचा चुलाच थंड पडतो. फळीचा आणि जादा माणसाचा खर्च एकट्या मजुरावर टाकू नये. तो सोसायटीनं आणि मालकांनी मिळून उचलावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. पुढचं ओढजाळं लागायच्या आधी बैठकीत यावर निर्णय घेऊ या.