गप्पीच्या पिल्लांचे जेवण

विद्यार्थिमित्रांनो, गप्पीची पिल्ले झटपट वाढावीत म्हणून दिवसाचे खाद्य तुम्ही बरणीत एकदाच ओतता, हे मला पटत नाही. त्यांचे पोट ते केवढे! उरलेले कुजते, प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो. त्यात आपला नंदुरबारचा उन्हाळा! २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

तेच खाद्य चार वेळा विभागून द्या. पडताळायचे तर दोन बरण्या घ्या, पिल्ले सारखी, खाद्यही तेवढेच. एकीत एकदा, दुसरीत चारदा. शिक्षकांनो, प्रदर्शनातल्या देखण्या प्रतिकृतीपेक्षा हा प्रयोग मोलाचा. मात्र लांबी गोल बरणीतून मोजू नका. ती भिंगासारखी मासा मोठा दाखवते. पिल्लू पाण्यासह काचेच्या उथळ बशीत घ्या, खाली आलेख-कागद ठेवा.