पावत्यांची पिशवी
आमच्या पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याने मार्चअखेरीस वर्षभराच्या पावत्या कापडी पिशवीतून हिशेबनिसापुढे ओतल्या, तेव्हा त्यांतील निम्म्या, यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदाच्या स्वभावधर्मानुसार, अक्षरे उडून कोऱ्या झालेल्या पाहून, दिवाळीत मोठ्या भक्तिभावाने पुजलेली चोपडी पुढे तितक्याच निष्ठेने कोरी ठेवणाऱ्या आपल्या परंपरेचे, वाचकहो, मला कौतुक वाटले. आयकराच्या हिशेबात दुकानाचे भाडे, गुमास्त्याचा पगार, धंद्याच्या कर्जावरील व्याज ही सारी उत्पन्नातून रीतसर वजा होतात. परंतु एकाच इसमास एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख मोजली, की काही मोजके अपवाद वगळता तो खर्च, खरा असूनही, नामंजूर ठरतो, आणि गल्ल्यातून मुलीच्या लग्नासाठी उचललेली रक्कम तर धंद्याचा खर्च कधीच नव्हे. माझे मत असे, की वजावट ही सल्लागाराच्या चातुर्यातून नव्हे, तर रोजच्या रोज लिहिलेल्या रोजमेळातून निपजते. म्हणून दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी ज्याला दहा ओळी खरडण्याचा कंटाळा येतो, त्याने सरकारला जुलमी म्हणण्याचा आपला हक्क जप्त झाला असे खुशाल समजावे.