केस आणि हाडे

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात धावून आले. ते योग्यच झाले. परंतु हाडांची झीज टकलासारखी दिसत नाही. म्हातारा अंगणात पडून खुबा मोडेपर्यंत तिची वार्ता कोणास लागत नाही, आणि मोडल्यावर दोष वयाला दिला जातो.

तो दोष कित्येकदा औषधाचा असतो. दमा, संधिवात यांवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडे दिली जातात. ती गुणकारी आहेत, आणि धोका तेथेच आहे. आराम पडलेला रुग्ण डॉक्टरकडे परतत नाही. गोळ्यांचे रिकामे पाकीट दुकानदारापुढे ठेवतो. इकडे हाड घडविणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, पुरुषी संप्रेरक घटते आणि मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात. पडण्याची आणि मोडण्याची सोय एकाच गोळीत! झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांतच. रोज अवघे अडीच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्याच्याही अस्थिभंगाच्या धोक्याची तपासणी व्हावी, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सांगितले आहे.

ठिसूळ हाडे हे बायकांचे दुखणे, ही समजूत मात्र जात नाही. जगातील खुब्याच्या अस्थिभंगांपैकी सुमारे एक तृतीयांश पुरुषांचे असतात, आणि पुढील वर्षभरात दगावण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आहे.

चिठ्ठीवाचून ही औषधे विकू नयेत, असे १९४५ची नियमावली सांगते. तिची अंमलबजावणी हवीच. पण केवळ दुकानांवर छापे घालून भागणार नाही. महिनोन्महिने घेतलेले स्टिरॉइड एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळून रुग्ण प्राणास मुकू शकतो. मात्रा हळूहळू उतरवावी लागते, आणि ते काम दुकानदाराचे नव्हे, डॉक्टरांचे. म्हणून छाप्यांच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रांनी असे रुग्ण शोधून हाती घेतले पाहिजेत. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तर मूत्रपिंडाची तपासणी आधी व्हावी. हाडे बळकट करणारी काही औषधे निकामी मूत्रपिंडाला सोसत नाहीत. आणि खुबा मोडून रुग्णालयात आलेला वृद्ध कोणत्या गोळ्या घेत होता, एवढी एक ओळ त्याच्या केसपेपरवर लिहिण्यास निराळ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.