विश्लेषण : वासराच्या सुजलेल्या गुडघ्याचे मूळ नाळेत का शोधायचे?

वासरू आठ-दहा दिवसांचे होते आणि अचानक लंगडू लागते. गुडघा सुजलेला दिसतो. गाईचा पाय पडला असेल, असा अंदाज बांधून शेक आणि हळदीचा लेप सुरू होतो. अनेकदा तो मार नसतोच. जन्माच्या दिवशी ओल्या नाळेतून शिरलेले जिवाणू रक्तावाटे सांध्यात उतरलेले असतात. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा धरण असले, तरी बरीच शेती आजही पावसावर आहे. अशा ठिकाणी दुधाचा पैसा घर चालवतो आणि गेलेली कालवड म्हणजे उद्याची गेलेली गाय असते. हा आजार बहुतांशी टाळता येतो. त्यासाठी लक्ष मात्र पहिल्याच दिवशी द्यावे लागते.

नाळेतून संसर्ग सांध्यात कसा जातो?

गर्भात वासराचे पोषण नाळेतून होते. नाळेतील शीर थेट यकृताकडे जाते, तर धमन्या आणि मूत्रनलिका मूत्राशयाच्या दिशेने जातात. जन्मानंतर नाळ तुटते, पण ती सुकेपर्यंत हा मार्ग पूर्ण बंद झालेला नसतो. शेण-मूत्राने ओल्या जमिनीवर वासरू बसले, की ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस यांसारखे जिवाणू आत शिरतात. काही वासरांत बेंबीतच पू होतो. काहींच्या यकृतात गळू होते. रक्तात पसरलेले जिवाणू सांध्यांत, कधी डोळ्यांत किंवा मेंदूच्या आवरणातही पोहोचतात. म्हणून एकाच वेळी दोन-तीन सांधे सुजले, तर मार लागल्याचा अंदाज बाजूला ठेवून आधी बेंबी तपासावी.

चिकाचा याच्याशी काय संबंध?

गाई-म्हशींमध्ये आईची रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि २४ तासांत जवळपास संपते. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही समजूत अनेक गावांत अजून टिकून आहे. वार पडायला आठ-दहा तास लागले, तर तेवढे मोलाचे तास वाया जातात. उलट वासरू पिऊ लागले, की गाईचे गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. खरवस जरूर करावा, पण वासराचा वाटा आधी काढून.

पहिल्या दिवशी नेमके काय करावे?

व्यायच्या आधी जागा कोरडी करून स्वच्छ गवत किंवा भुसा पसरावा. नाळ आपोआप योग्य लांबीवर तुटली असेल, तर ती कापायची गरज नसते. लांब लोंबत असेल, तर पोटापासून साधारण एक इंचावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून त्याखाली नव्या ब्लेडने कापावी. विळा किंवा जुने ब्लेड वापरू नये. छोट्या वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ त्यात पूर्ण बुडवावी, वरवर पुसू नये. वाटीत उरलेले औषध फेकून द्यावे. नाळ सुकेपर्यंत दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच करावे. टिंक्चर मिळाले नाही, तर पोव्हिडोन आयोडीनबाबत डॉक्टरांना विचारावे. राख, शेण, तेल लावू नये; त्यात जिवाणूंना आयतेच घर मिळते.

पहिला चीक तासा-दोन तासांत पाजावा. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर चीक पहिल्या बारा तासांत दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

डॉक्टरांना कधी बोलवावे?

बेंबी जाड, गरम, ओली किंवा दुर्गंधीयुक्त असेल, हात लावताच वासरू पाय झाडत असेल, दूध पिणे कमी झाले असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी. बेंबीची गाठ घरी फोडू नये. मऊ, न दुखणारी आणि दाबल्यावर आत जाणारी गाठ हर्निया असू शकते. त्यात आतडे असते आणि चिरा दिला तर वासरू जाते. सांधा सुजल्यावर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो, कधी सांधा धुवावाही लागतो. मेडिकलमधून आणलेली दोन इंजेक्शने देऊन, सूज उतरली म्हणून थांबणे महागात पडते. कूर्चा खराब झाली, की वासरू जगले तरी लंगडेपण राहू शकते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

मग अडते कुठे?

२०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा गावोगावी लसीकरण झाले, कारण तो साथीचा रोग होता. नाळेच्या संसर्गावर लस नाही आणि त्याची साथही येत नाही. एका गोठ्यात एक वासरू जाते आणि विषय तिथेच संपतो. दुग्धविकासाच्या योजनांचा भर दुधाळ जनावरे, चारा आणि कृत्रिम रेतनावर असतो. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात बुलढाण्यासह १९ जिल्हे आहेत. बाहेरून गाई आणून दूध वाढेलही, पण गोठ्यात जन्मलेली कालवड टिकली नाही, तर दर काही वर्षांनी पुन्हा विकतच आणावी लागेल. संकरित कालवड दुधात यायला अडीच-तीन वर्षे लागतात. ती गुंतवणूक पहिल्या आठवड्यातच बुडू देणे शहाणपणाचे नाही.

उपाय मोठा नाही. गाभण तपासणीत जनावर गाभण ठरले, की त्याच भेटीत आयोडीनची बाटली आणि चार ओळींची सूचना शेतकऱ्याच्या हातात द्यावी. दूध संकलन केंद्रांनीही ती ठेवावी. याच तालुक्यातील शेतकरी शेडनेटमध्ये बीजोत्पादन करताना एकेका फुलाची काळजी घेतात. ही शिस्त वासराच्या पहिल्या दिवसाला मिळाली, तर सुजलेल्या गुडघ्यांवरचा बराच खर्च वाचेल.