सांगणारी आणि ऐकणारे

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा विषय निघाला की एक आक्षेप हटकून ऐकू येतो. हे पुस्तक त्यांनी लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. शब्दांकन अरुण साधू यांचे. तेव्हा त्याचे श्रेय नक्की कोणाचे? आम्हांस हा प्रश्नच गैरलागू वाटतो. सांगणे हीच या पुस्तकाची खरी ताकद आहे.

शीर्षकच पाहावे. ते मूळचे अनंत माने यांच्या १९५९ सालच्या तमाशापटाचे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. पडद्यावर ‘ऐका’ ही फडावरची हाक होती. लोक ऐकत, पण त्याहून अधिक पाहत. १९७० साली तेच शब्द पुस्तकावर आले आणि पाहणाऱ्यांना प्रथमच निमूटपणे ऐकावे लागले. रतन साळगावकर ही मुलगी घर चालविण्यासाठी कोवळ्या वयात कॅमेऱ्यापुढे आली. ‘संत सखू’मधली (१९४१) सोशिक सून आणि ‘लोकशाहीर रामजोशी’मधली (१९४७) नर्तकी तिनेच उभी केली. तीच बाई पुस्तकात आपले व्यसन, फसलेला संसार, घर सोडणे आणि मराठवाड्यातल्या खेड्यात कोंडून घातलेले दिवस सांगते. स्वतःला निर्दोष ठरविण्याचा अट्टहास तीत नाही. लिहिताना माणूस स्वतःला सावरून घेतो. विश्वासाने सांगताना तेवढा सावरत नाही.

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) याच कथनावर आधारलेला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट थोर आहे. पण त्यात आपण पुन्हा पाहणारेच होतो. हंसाबाई तर १९७१ मध्येच गेल्या होत्या.

हे सारे आम्ही भंडारा जिल्ह्यात बसून लिहितो, याला कारण आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, धान घरात येते आणि गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. पूर्वी दंडारीत, खडी गंमतीत पुरुषच लुगडे नेसून नाचत. पुढे रंगमंचावर स्त्रिया आल्या. त्यांच्या लावणीला आम्ही ‘वन्समोअर’ देतो, आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्यांच्या चारित्र्याची चर्चाही आम्हीच करतो. त्या बाई पहाटे कोठे निजतात, लेकरू कोणाजवळ ठेवून येतात, हंगाम सरल्यावर काय खातात, हे विचारावे असे किती जणांना वाटते?

झाडीबोलीविषयी कळवळ्याने बोलणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांनी अशा एखाद्या ज्येष्ठ कलावतीसमोर वही घेऊन बसावे. तिची बोली प्रमाण मराठीत घासूनपुसून घेऊ नये, अडचणीचा मजकूर गाळू नये, आणि मुखपृष्ठावर नाव तिचेच असावे. सांगणाऱ्या आमच्याकडेही आहेत. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची.